चित्रं जळाली, फोटो उरले

अजिंठ्याचा विषय निघाला की लोक छत्रपती संभाजीनगरचं नाव घेतात, जळगावचं घेतात, फर्दापूरहून कसं जायचं ते सांगतात. आपल्या वाशीमचं नाव कुणी काढत नाही. खरं तर काढायला हवं! तिथल्या सोळा नंबरच्या लेण्यात एक मोठा शिलालेख आहे. ते लेणं कोरवून घेतलं वराहदेवाने, आणि हा वराहदेव म्हणजे वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. हरिषेणाची राजधानी होती वत्सगुल्म, म्हणजेच आपलं वाशीम. ही पाचव्या शतकातली गोष्ट. १९३९ साली वाशीमलाच एक ताम्रपट सापडला, तेव्हा वाकाटकांची एक वेगळी शाखा इथून राज्य करत होती हे पक्कं झालं. मग नागपूरच्या डॉ. वा. वि. मिराशींनी अजिंठ्याचा लेखही नव्याने वाचून काढला. थोडक्यात काय, त्या डोंगरात जो पैसा ओतला गेला त्यातला बराचसा वाशीमच्या दरबारातून गेलेला. म्हणून अजिंठा हे आपलं माहेरघरच म्हणायला हरकत नाही.

या माहेरघराची मनापासून राखण केलेल्या एका परक्या माणसाबद्दल आज लिहायचं आहे. त्याचं नाव रॉबर्ट गिल. अजिंठ्याच्या परिसरात त्याला गिलसाहेब म्हणतात. नितीन चंद्रकांत देसाईंचा 'अजिंठा' हा सिनेमा २०१२ साली आला, ना. धों. महानोरांच्या काव्यावर बेतलेला. तो तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिला असेल. सोनाली कुलकर्णीची पारू, ती गाणी, ते रंग. त्या सिनेमामुळे गिल घराघरात पोचला. पण पोचला तो प्रेमवीर म्हणून! तो रोज उठून काय काम करत होता आणि त्या कामाचं पुढे काय झालं, हे मात्र बाजूलाच राहिलं.

गिलचा जन्म १८०४चा. विशीच्या आसपास तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रासच्या फौजेत भरती झाला आणि हिंदुस्थानात आला. त्या काळी साहेबांची कितीतरी मुलं अशीच यायची. बढती मिळवायची, पेन्शन घ्यायची आणि परत जायचं, असा त्यांचा ठरलेला रस्ता. गिलही त्याच रस्त्याने चालला होता. लग्न झालं, मुलंबाळं झाली, कप्तानपद मिळालं. त्याचा हात मात्र चित्रकाराचा होता, आणि तीच गोष्ट पुढे त्याला वेगळ्या वाटेला घेऊन गेली.

अजिंठ्याची लेणी साहेबांच्या नजरेला पडली १८१९ साली. जॉन स्मिथ नावाचा फौजेतला अधिकारी शिकारीला आला होता, त्याने ती पाहिली. आणि पाहिल्यावर काय करावं? दहा नंबरच्या लेण्यात जाऊन खांबावर आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली! आजकालच्या पोरांना आपण नावं ठेवतो, पण ही खोड जुनीच आहे. आजूबाजूच्या गावांना लेणी आधीपासून माहीत होतीच म्हणा. 'शोध लागला' हे आपलं म्हणायचं.

पुढे जेम्स फर्ग्युसन नावाचा एक गृहस्थ इथे येऊन गेला. मूळचा कलकत्त्याचा निळीचा व्यापारी, पण त्याला जुन्या इमारतींचं वेड लागलं आणि त्या विषयातला तो मोठा जाणकार ठरला. १८४३ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत त्याने लेण्यांवर निबंध वाचला. ही चित्रं भिंतीवरून झडत चालली आहेत, ओल आहे, वटवाघळं आहेत, येणारे-जाणारे खरवडतात, तेव्हा निदान नकला तरी करून ठेवा, असा त्याचा आग्रह होता. कंपनीच्या साहेबांनी तो मानला आणि १८४४ साली या कामावर कप्तान गिलची नेमणूक झाली.

तेव्हा गिल चाळिशीचा होता. लेण्यांपासून काही मैलांवर असलेल्या अजिंठा गावातल्या बारादरीत त्याने मुक्काम टाकला. हे गाव निजामाच्या मुलुखात होतं. १८०३ साली असईच्या लढाईत जखमी झालेल्या इंग्रज शिपायांना याच गावात आणून ठेवलं होतं. आजूबाजूला जंगल, जंगलात वाघ. गिल स्वतः पट्टीचा शिकारी होता, त्यामुळे वाघाची त्याला भीती नव्हती. पण ताप, डोळ्यांची दुखणी, पावसाळ्यात वाघूर नदीला येणारा पूर, वेळेवर न येणारं सामान या गोष्टींना बंदूक काय करणार?

आणि काम तरी किती किचकट! लेण्यात आत शिरलं की पाच पावलांवर काळोख. भिंतीवर आणि छतावर चित्रं. कुठे रंग उडालेला, कुठे धुराने काळा पडलेला. त्या भिंतीसमोर मोठं कॅनव्हास उभं करायचं आणि तेलरंगात जसंच्या तसं उतरवायचं. आकारही लहान करायचा नाही, मूळ जेवढं तेवढंच. भिंतीवर जिथे पोपडा पडलाय तिथे कॅनव्हासवरही पोपडाच दाखवायचा. आपल्या मनाने काही पुरं करायचं नाही. स्वतःची कला दाखवायला त्यात जागाच नव्हती. आपल्याकडे आजी जुनी रांगोळी ठिपके मोजून वहीत उतरवून ठेवायची ना, तसलंच काम, पण वर्षानुवर्षं. महिने जात, मग एक चित्र पुरं होई. पुरी झालेली चित्रं गुंडाळून, पेट्यांत बंद करून, बैलगाडीने आणि मग जहाजाने लंडनला जायची. कंपनीला वाटलं होतं काम लवकर आटपेल. ते सुरू झालं १८४५च्या सुमारास आणि चाललं १८६३पर्यंत. नोकरीच्या पहिल्या दिवशी जन्मलेलं मूल तोवर संसाराला लागलं असतं.

आता पारूबद्दल. टाळून चालणार नाही, कारण आमच्या बचत गटातल्या बायका सहलीला अजिंठ्याला गेल्या होत्या तेव्हा वाटाड्याने लेण्यांपेक्षा तिचीच कहाणी जास्त रंगवून सांगितली, आणि बायकांनीही ती डोळ्यांत पाणी आणून ऐकली. ती लेणापूरकडची मुलगी, ती त्याला रानातले रंग आणून द्यायची, असं सगळं. त्यातलं दगडावर लिहिलेलं तेवढंच पक्कं. अजिंठा गावात तिची कबर आहे. गिलनेच ती बांधली आणि त्यावरच्या दगडावर तिचं नाव घातलं, ती आपली लाडकी असल्याचं लिहिलं आणि मृत्यूची तारीख लिहिली, २३ मे १८५६.

त्या काळात एका इंग्रज अधिकाऱ्याने एका खेड्यातल्या बाईचं नाव असं उघडपणे दगडावर कोरायचं, ही साधी गोष्ट नव्हती. असे संबंध तेव्हा सर्रास होते, पण बाईचं नाव कागदावर राहत नसे. मृत्युपत्रात फार तर 'घरातली बाई' म्हणून दोन ओळी. पारूला नाव मिळालं, जागा मिळाली. गिलच्या खात्यावर हे नक्कीच जमा करायला हवं.

पण मला त्या कहाणीत नेहमी दुसरी एक बाई दिसते. गिलची लग्नाची बायको, फ्रान्सिस. तिच्यावर कुणी गाणं लिहिलं नाही. मद्रासकडच्या छावणीत लग्न झालेली बाई, नवऱ्याची बदली होते कुठल्या तरी रानात, तो रोज सकाळी गुहेत जातो, संध्याकाळी रंगाने माखून परत येतो किंवा येतच नाही. पुढे ती मुलांना घेऊन इंग्लंडला निघून गेली. नवरा मात्र परत गेला नाही. महिला तक्रार निवारणाच्या कामात मी जी प्रकरणं बघते त्यात मनावर ओझं टाकणारी हीच असतात. मारहाण नाही, दारू नाही, फक्त माणूस दुसऱ्याच कशात तरी हरवलेला. आणि पारूचं तरी काय? एकीकडे पगारी साहेब, बारादरीत राहणारा, एकीकडे गावातली मुलगी. बरोबरीचं नातं कसं म्हणावं ते? प्रेम नव्हतं असं मी म्हणत नाही. पण सिनेमात जेवढं साजूक दिसतं तेवढं ते नसणार, एवढं आपल्याला संसारातून कळतंच.

पारू गेली त्याच सुमारास गिलच्या हातात एक नवीन वस्तू आली. कॅमेरा.

आज आपण मोबाईल काढतो आणि एका मिनिटात वीस फोटो घेतो. गिलच्या काळात एक फोटो म्हणजे एक स्वयंपाक होता. आधी काच स्वच्छ घासायची. तिच्यावर कलोडियन नावाचं चिकट द्रावण धिरड्यासारखं सगळीकडे सारखं पसरायचं. मग अंधारात ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची. ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच पुन्हा अंधारात नेऊन धुवायची. वाळली की गेली! मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात काच वाळायला किती वेळ लागत असेल, आपल्या वैदर्भीय बायकांना सांगायला नको, आपण त्याच उन्हात कुरडया वाळवतो. म्हणजे जिथे फोटो घ्यायचा तिथेच अंधाऱ्या खोलीचा तंबू ठोकायचा. सोबत काचांच्या पेट्या, बाटल्या, तिकाटणं आणि पाण्याच्या पखाली, कारण चांगलं पाणी नसलं तर सगळंच मुसळ केरात. आणि शेवटी ज्या कागदावर फोटो उमटायचा त्या कागदाला अंड्याच्या पांढऱ्याचा हात दिलेला असायचा. अंडं, मीठ आणि चांदी. यातून आपल्या जुन्या देवळांची पहिली छायाचित्रं निघाली, हे वाचलं तेव्हा मला भारी गंमत वाटली.

गिल तेव्हा पन्नाशीला आला होता. एवढी वर्षं कुंचला धरलेल्या माणसाने त्या वयात हे नवीन तंत्र शिकून घेतलं. आपण स्मार्टफोन शिकताना मुलांवर किती चिडतो!

अर्थात कॅमेऱ्याने सगळं होत नव्हतं. रंग तर नाहीच, शिवाय त्या काचेला लाल रंग धड दिसत नसे, तो काळाच उमटे. अजिंठ्याच्या भिंतीवर गेरू, काव, लाल हेच तर मुख्य. आणि आत काळोख. म्हणजे ज्या चित्रांसाठी गिलला तिथे पाठवलं होतं, ती कॅमेऱ्यात नीट येणं अवघडच. म्हणून त्याने कॅमेरा वळवला तो दगडाकडे. लेण्यांची दर्शनी बाजू, खांब, चैत्याची कमान, बुद्धाच्या मूर्ती, दरवाज्यावरची वेलबुट्टी. उजेड जिथवर पोचतो तिथवर तो गेला. वेरूळची लेणीही त्याने अशीच टिपली.

१८६४ साली लंडनमध्ये त्याच्या फोटोंची दोन पुस्तकं निघाली. दोन्हीचा मजकूर फर्ग्युसनचा. एकात लेण्यांचे चौऱ्याहत्तर फोटो. दुसऱ्यात शंभर फोटो, तेही जोडीचे. जोडीचे म्हणजे एकाच दृश्याचे दोन फोटो शेजारी शेजारी लावायचे आणि दोन भिंगांच्या चष्म्यातून बघायचे, की खांब पुढे आलेला आणि गाभारा मागे गेलेला दिसतो. आपल्या लहानपणी व्ह्यू-मास्टर होता ना, त्याचाच हा पणजोबा. लंडनमधली एखादी बाई दिवाणखान्यात बसून अजिंठ्याच्या लेण्यात शिरल्याचा अनुभव घेऊ शकत होती. छापखान्यात फोटो छापण्याची सोय तेव्हा नव्हती, म्हणून प्रत्येक प्रतीत खरेखुरे फोटो हाताने चिकटवलेले असत. त्या शंभरांत शिकारीत मारलेली जनावरंही आहेत. साहेबाची हौस ती! देवळाच्या शेजारी मेलेलं जनावर बघायला आपल्याला कसंतरीच होतं, पण आहे ते आहे.

याच दशकात गिल आपल्या वऱ्हाडातही फिरला. लोणारच्या सरोवराकाठची देवळं त्याने टिपली. रिसोडच्या लोकांना लोणार म्हणजे शेजारच. आपण मंगळागौरीला, श्रावणी सोमवारला, कमळजा देवीला सहज जाऊन येतो ते लोणार. ती देवळं दीडशे वर्षांपूर्वी कशी होती, कुठला खांब उभा होता, कुठे झाड उगवून दगड सरकला होता, ते गिलच्या फोटोत दिसतं. हे फोटो आज लंडनला ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवले आहेत. २०२० साली लोणार सरोवर जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, तेव्हा सगळीकडे पाण्याचे, पक्ष्यांचे फोटो झळकले. काठावरच्या देवळांचा पहिलावहिला फोटोग्राफर कोण हे मात्र कुणी छापल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

इकडे हे चालू असताना तिकडे गिलच्या चित्रांचं काय झालं होतं? लंडनला पोचलेली पंचवीस-तीस मोठमोठी कॅनव्हासं आधी कंपनीच्या संग्रहालयात आणि मग सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. हा क्रिस्टल पॅलेस म्हणजे लोखंड आणि काचेचा अवाढव्य महाल. लोक तिकीट काढून यायचे आणि हिंदुस्थानातली ही चित्रं बघून तोंडात बोट घालायचे. डिसेंबर १८६६च्या अखेरीस त्या महालाच्या उत्तरेकडच्या भागाला आग लागली. गिलची चित्रं त्याच बाजूला होती. जी त्या वेळी तिथे टांगलेली नव्हती ती चार-पाच तेवढी वाचली. बाकी सगळी जळून गेली.

अठरा वर्षांचं काम. घर मोडलं ते काम, डोळे खर्ची पडले ते काम. मी कुठल्या तरी लेखात ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा पुढे वाचवेना. गॅसवर दूध उतू गेलं तर आपल्याला अर्धा दिवस चैन पडत नाही. बातमी त्या माणसापर्यंत पोचायलाही कितीतरी दिवस लागले असतील. म्हणजे काही काळ तो अजिंठ्यात बसून, आपली चित्रं लंडनमध्ये सुखरूप आहेत, या समजुतीत होता.

जळालेल्या चित्रांचा थोडा मागमूस राहिला तो एका बाईमुळे. आपल्या पुरवणीत ही गोष्ट यायलाच हवी. शार्लट स्पिअर नावाची इंग्रज बाई. पहिल्या नवऱ्याबरोबर ती कलकत्त्याला राहून गेलेली. तिने प्राचीन भारतातल्या जीवनावर १८५६ साली एक पुस्तक लिहिलं आणि त्यात गिलच्या नकलांवरून करवून घेतलेली रेखाटनं घातली. दहा वर्षांनी मूळ नकला जळाल्या, पुस्तकातली रेखाटनं राहिली. पुढे दुसरं लग्न झाल्यावर ती मिसेस मॅनिंग झाली आणि १८६९ साली मुलींसाठी निघालेल्या एका कॉलेजची पहिली प्रमुख झाली. तेच कॉलेज पुढे केंब्रिजचं गर्टन कॉलेज. तिच्या सावत्र मुलीने तर आपल्या नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजीला इंग्लंडमध्ये शिकायला मदत केली. विषयांतर झालं खरं, पण अशा बायका कुठल्या पानावर भेटतील सांगता येत नाही, आणि भेटल्या की त्यांना ओलांडून जाववत नाही.

गिल आता बासष्ट वर्षांचा झाला होता. नोकरीतून मोकळा झालेला, मेजर हा हुद्दा नावाला चिकटलेला. बोटीत बसून मायदेशी जायला हरकत नव्हती. तो गेला नाही. तिथेच राहिला, त्याच मुलुखात. १८७९च्या उन्हाळ्यात तो आजारी पडला. त्याला भुसावळला न्यायला निघाले, कारण रेल्वे तिथे होती आणि रेल्वे होती म्हणून डॉक्टर होता. १० एप्रिलला गिलने जीव सोडला. भुसावळच्या जुन्या इंग्रजी कबरस्तानात त्याला पुरलं. पारू अजिंठ्यात, गिल भुसावळला, फ्रान्सिस साता समुद्रापलीकडे.

त्याच्या हयातीतच, १८७२ साली, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येऊ लागले होते. त्यांनी पुन्हा नकला सुरू केल्या. या वेळी कुंचला आपल्या मुलांच्या हातात होता, पेस्तनजी बोमनजींसारख्या पुढे नाव काढलेल्या चित्रकारांच्या. तेरा वर्षं काम चाललं. त्या नकलाही लंडनला गेल्या आणि १८८५ साली तिथल्या संग्रहालयाला आग लागून त्यातल्या बऱ्याच जळाल्या! हे वाचून माझी सासू म्हणाली असती की या चित्रांना दृष्टच लागली. त्यानंतर १९०९ ते १९११मध्ये लेडी हेरिंगहॅम ही चित्रकार बाई आली, तिच्याबरोबर नंदलाल बोस होते. आणि मग निजामाच्या पुराणवस्तू खात्याचे गुलाम याझदानी आले, त्यांनी लेण्यांचे रंगीत फोटो काढवून मोठमोठे ग्रंथ काढले. शेवटी फोटोवरच गाडी आली.

एक गोष्ट मात्र या सगळ्यांबद्दल सांगायला हवी. नकला करणाऱ्यांना रंग स्पष्ट दिसावेत म्हणून भिंतीवरच्या मूळ चित्रांवर वॉर्निश फासलं जायचं. ते तेवढ्यापुरतं चमकायचं, पण पुढे पिवळं पडलं आणि खालचा रंग घेऊन सुटू लागलं. ते काढण्यासाठी निजामाने १९२०च्या सुमारास थेट इटलीहून कारागीर बोलावले होते. जपायला आलेल्यांनीच अशी इजा केली. कॅमेऱ्याचं बरं असतं. तो भिंतीला हात लावत नाही. लांब उभा राहतो. आता तर लेण्यात फ्लॅश मारायलाही बंदी आहे.

हे सगळं लिहिताना आपल्या जिल्ह्याची आठवण येणारच. वाशीमचं बालाजी मंदिर आहे, भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी अठराव्या शतकात बांधलेलं. पद्मतीर्थ आहे. शिरपूरचं अंतरिक्ष पार्श्वनाथाचं जुनं देऊळ आहे. कारंजाच्या वेशी आहेत. आणि नाव नसलेल्या कितीतरी हेमाडपंती देवळांचे चिरे शेताच्या बांधाला पडलेले आहेत. आमच्या भागातल्या एका गावात अशाच एका देवळाला गावकऱ्यांनी वर्गणी काढून ऑइल पेंट लावला. खांबावरच्या यक्षाला गुलाबी, चौकटीला हिरवा. हेतू वाईट नव्हता, उलट देवाची सेवाच केली त्यांनी. पण आधी कसं होतं ते सांगायला कुणाकडे एक फोटो नाही. फोटो आहेत ते लग्नाचे. नवरा-नवरी देवाला पाया पडायला आलेले, मागे अर्धा खांब. मग आम्ही काय केलं, घरोघरचे लग्नाचे अल्बम मागवले. साठ-सत्तर वर्षांच्या आजीबाईंचे कृष्णधवल फोटो निघाले, कडेला चंदेरी नक्षी असलेल्या पुठ्ठ्यावर चिकटवलेले. त्यातल्या अकरा फोटोंत मागे देऊळ आहे. एकीत डावीकडचा खांब, एकीत पायरी, एकीत दरवाज्यावरची गणेशपट्टी पूर्ण. मुलींनी ते सगळे मोबाईलवर उतरवून घेतले आणि प्रत्येकाखाली नवरीचं नाव, सासर-माहेर आणि लग्नाचं साल लिहिलं. सालं आठवायलाच दोन दुपारी गेल्या. कुणाला दुष्काळ आठवायचा, कुणाला थोरल्याचा जन्म, त्यावरून मागे मोजत जायचं.

गिलच्या वाचलेल्या नकला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. पारूची कबर अजिंठा गावात आहे. संभाजीनगरहून लेण्यांकडे जाताना हे गाव आधी लागतं आणि मग घाट उतरावा लागतो, तेव्हा जाणार असाल तर वाटेतच थांबा, लेणी बघून परत फिरायला अंधार होतो. भुसावळला उतरणाऱ्यांनी गिलची कबरही बघून यावी. कबरस्तान जुनं आहे, एकट्या जाऊ नका, कुणीतरी माहितगार सोबत घ्या. आणि मोबाईल चार्ज करून न्या.